लोह, कीट आणि भस्म

आमच्या शाळेत आठवड्यातून एकदा, मधल्या सुट्टीतील डबा खाऊन झाल्यावर, वरच्या वर्गांतील मुलामुलींना लोह आणि फॉलिक आम्लाची निळी गोळी दिली जाते. काही वर्षांपूर्वी अशाच एका दिवशी आठवीतील एका मुलीने गोळी तळहातावर ठेवून मला विचारले, "बाई, आपल्या गावात इतकं लोखंड तयार होतं. मग आम्हाला लोखंडाची गोळी का खावी लागते?" वर्ग हसला. तिचे वडील कारखान्यात रोलिंग मिलमध्ये कामाला होते. रुळांचे लोखंड आणि रक्तातील लोह यांची तिने घातलेली सांगड मुलांना गमतीची वाटली. मी पाठ्यपुस्तकातले उत्तर दिले आणि तास पुढे नेला. प्रश्न मात्र माझ्या मनातून गेला नाही. माणसाने लोखंड खाण्याजोगे कधी केले, कसे केले आणि ते खाण्यास योग्य झाले हे त्याने कशावरून ओळखले, याचा शोध मी त्यानंतर सवडीने घेत राहिले. हीरक महोत्सवाच्या या अंकात त्या मुलीच्या प्रश्नाचे राहिलेले उत्तर द्यावे, असे वाटले.

या शोधासाठी भिलाईहून फार दूर जावे लागत नाही. आपला हा प्रदेश प्राचीन काळी दक्षिण कोसल म्हणून ओळखला जाई. सातव्या शतकात भारतात आलेला चिनी यात्रेकरू ह्युएन त्संग याने आपल्या प्रवासवर्णनात कोसल देशाची हकिकत सांगताना नागार्जुनाची एक कथा नोंदवली आहे. राजाने नागार्जुनासाठी डोंगरात विहार कोरायला घेतला आणि काम अर्ध्यावर असताना खजिना रिता झाला. तेव्हा नागार्जुनाने एका औषधी द्रवाचे शिंपण करून मोठमोठ्या शिळांचे सोने केले, असे ती कथा सांगते. रसशास्त्राची परंपरा नागार्जुनाला आपला आद्य आचार्य मानते. विदर्भातही रामटेकच्या डोंगरावर नागार्जुनाचे स्थान दाखवले जाते. बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुन आणि रसाचार्य नागार्जुन एकच की वेगळे, हा अभ्यासकांचा वाद आहे. सोन्याची कथा तर उघडच कथा आहे. तरीही धातू, औषध आणि हा भूभाग यांची गाठ लोकमनात इतकी जुनी आहे, एवढे त्यावरून कळते.

कथेपेक्षा भक्कम पुरावा मातीत आहे. मैकल पर्वताच्या परिसरात, मंडला आणि बिलासपूरच्या जंगलपट्ट्यात, अगरिया लोक पिढ्यान्‌पिढ्या मातीच्या लहान भट्ट्यांत लोखंड गाळत आले. व्हेरिअर एल्विन यांनी १९४२ साली त्यांच्यावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. कोळसा सालाच्या लाकडाचा, भाते पायांनी चालवायचे आणि भट्टीत वास लोहासुराचा, अशी ती विद्या होती. भट्टी फोडली की मधून लोखंडाचा सच्छिद्र गोळा निघे आणि तळाशी काळी, जड, काचेसारखी मळी साचे. या मळीला संस्कृतात लोहकिट्ट म्हणतात. आपण तिला कीट म्हणू. या लेखात तिचे काम पुढे पडणार आहे.

आधुनिक काळातही आपल्या लोखंडाची वाट नागपूरवरून गेली. छत्तीसगड भोसल्यांच्या राज्यात होते आणि पुढे मध्य प्रांतात. त्यामुळे येथल्या खनिजांची कागदपत्रे नागपूरला होती. भूवैज्ञानिक प्रमथनाथ बोस यांनी १८८७ साली दल्ली-राजहराच्या लोहखनिजाची नोंद केली होती. पुढे दोराबजी टाटा नागपूरच्या संग्रहालयात सहज फिरत असता भूगर्भाच्या नकाशावर दुर्ग जिल्ह्यातील लोखंडाची खूण त्यांच्या नजरेस पडली आणि ते राजहराच्या डोंगरापर्यंत आले, असे सांगतात. टाटांचा कारखाना अखेर दुसरीकडे उभा राहिला. राजहराचा डोंगर थांबला तो १९५५ च्या भारत-सोव्हिएत करारापर्यंत. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते भिलाईच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. विदर्भातून आणि उर्वरित महाराष्ट्रातून जी मराठी कुटुंबे या भट्टीच्या ओढीने येथे आली, त्यांच्याच मुलांसाठी आपली शाळा निघाली, हे वाचकांना सांगायला नको.

आता औषधाकडे वळू. आयुर्वेदात लोहाचा पोटात घेण्यासाठी उपयोग चरकसंहितेतच आढळतो. अंगाचा पांढरेपणा, थकवा, धाप आणि हृदयाची धडधड ही लक्षणे असलेल्या पांडुरोगाच्या चिकित्सेत नवायस नावाचे चूर्ण सांगितले आहे. सुंठ, मिरी, पिंपळी, हिरडा, बेहडा, आवळा, नागरमोथा, वावडिंग आणि चित्रक या नऊ वनस्पतींच्या चूर्णात नऊ भाग लोहचूर्ण मिसळावे, असा तो योग आहे. याच अध्यायात कीट वापरून केलेले पुनर्नवामंडूरही आहे. युरोपात सतराव्या शतकात सिडनहॅम या इंग्रज वैद्याने फिक्या पडलेल्या रोग्यांना लोखंडाचा कीस मद्यात भिजवून दिला आणि १८३२ साली फ्रान्सच्या ब्लॉ यांनी लोहाच्या प्रसिद्ध गोळ्या काढल्या. आपली निळी गोळी ही त्या गोळ्यांची वंशज. पांडुरोग आणि लोह यांचा संबंध आपल्याकडे त्याहून कितीतरी आधी जुळला होता.

चरकाच्या रसायन प्रकरणातील लोहाची कृती मुळातून समजून घेण्यासारखी आहे. तीक्ष्ण लोखंडाचे चार अंगुळे लांब आणि तिळाएवढ्या जाडीचे पत्रे करायचे. ते अग्नीसारखे लाल होईपर्यंत तापवून त्रिफळ्याच्या काढ्यात, गोमूत्रात आणि निरनिराळ्या क्षारांच्या पाण्यात बुडवायचे. पत्रे काजळासारखे काळे आणि ठिसूळ झाले की त्यांचे बारीक चूर्ण करायचे, मध आणि आवळ्याच्या रसात कालवायचे, तुपाचा हात दिलेल्या मडक्यात भरायचे आणि ते मडके जवाच्या कोठारात वर्षभर ठेवायचे. मधून दर महिन्याला ढवळायचे. लोखंडासारखा पदार्थ घाईने वापरायचा नाही, ही समज येथेच दिसते.

या समजेचे पुढे एक स्वतंत्र शास्त्र झाले. साधारणपणे आठव्या ते चौदाव्या शतकात पारा, गंधक, अभ्रक, सोने, तांबे, लोह, जस्त या द्रव्यांवर रसग्रंथांची मोठी मालिका लिहिली गेली. तिच्यातील सर्वांत व्यवस्थित ग्रंथ म्हणजे रसरत्नसमुच्चय. पुण्यात महादेव चिमणाजी आपटे यांनी स्थापन केलेल्या आनंदाश्रम संस्थेने १८९० साली तो छापला आणि पोथ्यांत अडकलेली ही विद्या अभ्यासकांच्या हाती आली. आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनी १९०२ पासून लिहिलेल्या हिंदू रसायनशास्त्राच्या इतिहासात याच ग्रंथाचा भरपूर आधार घेतला. शिक्षिका म्हणून मला त्यातील रसशाळेचे वर्णन फार आवडते. पूर्वेला रसभैरवाची स्थापना, आग्नेयेला भट्ट्या, दक्षिणेला दगडी खलांचे काम, नैर्ऋत्येला शस्त्रांचे काम, पश्चिमेला धुणे, वायव्येला वाळवणे आणि ईशान्येला सिद्ध झालेल्या वस्तूंचा साठा अशी ती रचना आहे. आग एका कोपऱ्यात आणि तयार औषध तिच्यापासून दूर, ही शिस्त आजच्या प्रयोगशाळेलाही मान्य होईल.

या ग्रंथांनी लोखंडाचे मुंड, तीक्ष्ण आणि कांत असे तीन प्रकार मानले. मुंड मऊ, तीक्ष्ण पोलादी, तर कांताचा संबंध लोहचुंबकाशी. औषधासाठी लोखंड निवडल्यावर पहिली पायरी शोधनाची. तीळतेल, ताक, गोमूत्र, कांजी आणि कुळथाचा काढा या पाचांत प्रत्येकी सात वेळा तप्त पत्रे विझवायचे. त्यानंतर लोहासाठी खास म्हणून त्रिफळ्याच्या काढ्यात पुन्हा सात वेळा. प्रत्येक वेळी पत्रा लाल झाला पाहिजे आणि प्रत्येक वेळी द्रव ताजा हवा. तापण्याच्या आणि एकदम निवण्याच्या या आघातांनी पत्र्याला सूक्ष्म भेगा जातात, पृष्ठभाग गंजतो, पापुद्रे सुटतात आणि न कुटणारे लोखंड हळूहळू खलात कुटण्याजोगे होते.

दुसरी पायरी मारणाची. शब्द भयंकर आहे, पण अर्थ नेमका आहे. धातूचा धातुपणा, म्हणजे त्याची चकाकी, त्याचा चिवटपणा आणि वितळून पुन्हा एकजीव होण्याचा स्वभाव नाहीसा करायचा. यासाठी शुद्ध लोहचूर्ण त्रिफळ्याच्या काढ्यात भिजवून उन्हात वाळवतात. याला भानुपाक म्हणतात. मग काढ्यासह भांड्यात आटवतात, तो स्थालीपाक. शेवटी पुटपाक. वनस्पतीच्या रसाची भावना देत चूर्ण खलात दिवसभर घोटायचे, त्याच्या लहान चकत्या थापून वाळवायच्या, दोन परळांच्या संपुटात ठेवायच्या आणि सांधा कापडमातीने लिंपून बंद करायचा. गजपुटाचा खड्डा लांबी, रुंदी आणि खोली तिन्हींकडे एक राजहस्त असतो. त्यात हजार रानगोवऱ्या रचून मध्यभागी संपुट ठेवतात आणि वर आणखी पाचशे रचून आग देतात. उष्णता चढत चढत हजार अंश सेल्सिअसच्या जवळपास जाते आणि सावकाश उतरते. ग्रंथ म्हणतात, पुट स्वांगशीत होऊ द्यावे, म्हणजे ते आपले आपण गार झाल्यावरच उघडावे. पाणी मारून, उकरून घाई करू नये. दुसऱ्या दिवशी संपुट उघडून, चकत्या कुटून, पुन्हा भावना देऊन पुन्हा पुट द्यायचे. लोह अशा अनेक पुटांतून जाते. वैद्यकात शतपुटी आणि सहस्रपुटी हे शब्द रूढ आहेत, ते याच आवर्तनांतून आलेले आहेत. चांगले लोहभस्म पिकल्या जांभळाच्या रंगाचे होते, असे जुने वैद्य सांगत.

भिलाईच्या वाचकाने येथे क्षणभर थांबून आपला कारखाना डोळ्यांसमोर आणावा. राजहराच्या डोंगरातील तांबूस खनिज म्हणजे हेमेटाइट, लोखंड आणि प्राणवायू यांचे संयुग. शुद्ध हेमेटाइटमध्ये वजनाने सुमारे ७० टक्के लोखंड असते. झोतभट्टीत कोक जळतो, त्यातून निघणारा वायू खनिजातील प्राणवायू ओढून घेतो, नंदिनीच्या खाणीतील चुनखडी दगडमातीला धरून मळी बनवते आणि तळाशी लोखंडाचा रस साचतो. वैद्याचा खड्डा हेच काम उलट करतो. तो लोखंडाला प्राणवायू परत देतो. आजच्या क्ष-किरण तपासणीत लोहभस्मात मुख्यतः लोहाची ऑक्साइडे आढळतात आणि त्यांत हेमेटाइट ठळक असते. म्हणजे हजारो माणसांनी डोंगरातून खणून, भट्टीत घालून जे लोखंड काढले, त्याला वैद्य पुन्हा डोंगरातील रूपाकडे नेतो. फरक एवढाच की ते रूप आता मुलायम, अतिसूक्ष्म चूर्णाचे असते आणि त्यात प्रत्येक पुटातील वनस्पतींचे अवशेष मिसळलेले असतात. शंभर ग्रॅम लोखंड पुरते हेमेटाइट झाले तर वजन सुमारे १४३ ग्रॅम भरेल. ही वाढ प्राणवायूची.

आता त्या किटाकडे येऊ. किटापासून जे औषध होते त्याला मंडूर म्हणतात. लोखंड गाळणाऱ्यांनी टाकून दिलेले, वर्षानुवर्षे मातीत पडून राहिलेले कीट त्यासाठी गोळा करत, बेहड्याच्या कोळशावर तापवून गोमूत्रात विझवत आणि मग पुटे देत. मंडुराच्या वयाविषयी ग्रंथांचा नियम मोठा कडक आहे. शंभर वर्षांहून जुने कीट उत्तम, ऐंशी वर्षांचे मध्यम, साठ वर्षांचे अधम आणि त्याहून कोवळे विषासमान. आपल्या शाळेला यंदा साठ वर्षे पूर्ण झाली. या मापाने आपण आत्ता कुठे अधम वर्गात दाखल झालो आहोत, असे मी शिक्षकांच्या बैठकीत म्हटले, तेव्हा सगळे मनमोकळे हसले. उत्तम होण्यासाठी अजून चाळीस वर्षे मुरायचे आहे, हे मात्र सर्वांना पटले.

गंमत बाजूला ठेवली तर या नियमामागे निरीक्षण आहे. मातीच्या लहान भट्टीत उष्णता पुरेशी चढत नसे, त्यामुळे खनिजातील पुष्कळ लोह मळीतच राहून जाई. ते पुढे उन्हापावसात आणि मातीत मुरत राही. औषधाला उपयोगी पडले ते हे उरलेले लोह. आमच्या विद्यार्थ्यांनी म्हणूनच विचारले, की कारखान्याच्या मळीचे मंडूर शंभर वर्षांनी होईल का? नाही होणार. झोतभट्टीच्या मळीत लोह जेमतेम असते. ती मुख्यतः चुना, वाळूतील सिलिका आणि अॅल्युमिना यांची बनते. म्हणूनच ती आपल्या शेजारच्या जामुलला सिमेंट बनवायला जाते. दोन्ही पदार्थांचे नाव मळीच, पण एकीतून औषध झाले आणि दुसरीतून घरे उभी राहिली. नाव सारखे म्हणून वस्तू सारखी मानू नये, हा धडा मुलांना येथे आपोआप मिळाला.

या सगळ्या विद्येत मला सर्वांत मोलाचा वाटतो तो परीक्षांचा भाग. भस्म तयार झाले हे करणाऱ्याच्या सांगण्यावर मानले जात नसे. भस्म बोटांत चोळले तर ते बोटांच्या रेषांत शिरले पाहिजे, ही रेखापूर्ण परीक्षा. स्थिर पाण्यावर हळूच टाकले तर तरंगले पाहिजे, ही वारितर परीक्षा. त्या तरंगत्या थरावर तांदळाचा दाणा ठेवला तरी तो बुडता कामा नये, ही उनम परीक्षा. चौथी अपुनर्भव परीक्षा सर्वांत कठीण. भस्मात गूळ, गुंजा, टंकणखार, मध आणि तूप मिसळून मुशीत तापवायचे. गूळ, मध आणि तूप जळून कोळसा होतो, तो प्राणवायू ओढू पाहतो. टंकणखार वितळून मळी धरतो. म्हणजे वैद्य तळहाताएवढी झोतभट्टीच पेटवतो आणि भस्माला पुन्हा धातू होण्याची संधी देतो. या तापातूनही धातूचा कण परत दिसला नाही, तरच ते भस्म खरे. निरुत्थ परीक्षेत भस्म चांदीबरोबर तापवून चांदीचे वजन वाढले की नाही ते पाहतात. वाढले, तर कच्चा धातू अजून शिल्लक आहे. स्वतःच्या कामाला स्वतःच खोटे पाडून पाहण्याची ही रीत आहे. कच्चे लोह पोटात गेले तर शूळ, हृद्रोग, मुतखडा आणि मृत्यूही ओढवतो, असे तेच ग्रंथ बजावतात. भीती ठाऊक होती, म्हणून परीक्षा होत्या.

एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकात मराठी वैद्यांनी ही विद्या खड्ड्यातून कारखान्यात आणली. १८७२ साली पनवेलला पुराणिक घराण्याने धूतपापेश्वर ही औषधशाळा सुरू केली. शंकर दाजीशास्त्री पदे यांनी १९०७ साली नाशिकला अखिल भारतीय वैद्यसंमेलनाची मुहूर्तमेढ रोवली. अहमदनगरला गंगाधरशास्त्री गुणे यांनी १९१७ साली आयुर्वेद महाविद्यालय काढले आणि औषधीगुणधर्मशास्त्र हा ग्रंथ मराठीत लिहून भस्मे आणि रसकल्प यांचे गुणदोष सामान्य वैद्याला समजतील असे मांडले. पुण्यात पुरुषोत्तमशास्त्री नानल यांच्या प्रेरणेने आयुर्वेद रसशाळा उभी राहिली. रानगोवऱ्यांच्या जागी विजेच्या भट्ट्या आल्या, हातखलाच्या जागी यंत्राचे खल आले. उष्णता आता काट्यावर वाचता येते. पुटांची संख्या आणि भावना यांचे पाठ मात्र जुनेच राहिले.

येथे मला माझ्या अनुभवातील एक प्रसंग सांगितला पाहिजे, कारण या लेखाचे खरे कारण तोच आहे. काही वर्षांपूर्वी एक आई मला भेटायला आली. तिच्या मुलीला चक्कर येत असे, प्रार्थनेला उभी राहिली की ती मटकन बसे. आईने पदराच्या टोकाला बांधलेली कागदाची पुडी सोडून माझ्यापुढे ठेवली. "बाई, हिच्या अंगात रक्तच नाही म्हणतात. बाजारात एक औषधवाला बसतो, त्याच्याकडून लोहभस्म आणलंय. देऊ का?" पुडीवर नाव नव्हते, घटक नव्हते, तारीख नव्हती. मी विज्ञानाच्या बाईंना बोलावले. आम्ही वाटीभर पाण्यावर चिमूटभर चूर्ण सोडले. काही कण तरंगले, बाकीचे सरळ तळाला गेले. बोटांवर चोळले तर ते खरखरले. त्या माउलीचा चेहरा उतरला. तिने त्या पुडीसाठी बरेच पैसे मोजले होते.

त्या दिवशी आम्ही मुलीला दवाखान्यात पाठवले. रक्ततपासणी झाली, उपचार सुरू झाले आणि पुढच्या सत्रात ती कबड्डीच्या संघात होती. त्या संध्याकाळी मात्र मी स्वतःला विचारले, ते चूर्ण जर तरंगले असते, तर मी काय सांगितले असते? तरंगते म्हणून खुशाल द्या, असे म्हणाले असते का? वारितर परीक्षा भस्म किती सूक्ष्म आहे ते सांगते. त्यात आणखी काय मिसळले आहे, ते ती सांगत नाही. अपुनर्भव परीक्षा धातू उरला नाही हे दाखवते. पण शिशासारख्या धातूचे संयुगही विषारीच असते, मग तो धातू परत उठो वा न उठो. जुन्या वैद्याला शिसे रक्तात किती उतरले हे मोजण्याचे साधन नव्हते. आपल्याकडे ते आहे. २००४ साली अमेरिकेत बॉस्टन परिसरातील दुकानांतून घेतलेल्या ७० आयुर्वेदिक औषधांची तपासणी झाली, तेव्हा १४ औषधांत शिसे, पारा किंवा आर्सेनिक आढळले. त्यानंतर भारत सरकारने निर्यातीच्या वनौषधींसाठी जड धातूंची चाचणी सक्तीची केली. पारा आणि सोमल यांसारखी विषारी द्रव्ये असलेल्या औषधांवर वैद्यकीय देखरेखीखालीच घ्यावे अशी सूचना छापणे आपल्या कायद्यानेच बंधनकारक आहे. परंपरेचा अभिमान बाळगणाऱ्याला या चाचण्या अपमानाच्या वाटतात, असे मी पाहिले आहे. मला तसे वाटत नाही. ज्या परंपरेने पाच परीक्षा घालून दिल्या, तिच्यात सहावी परीक्षा घालणे हे त्या परंपरेचेच पुढचे पाऊल आहे.

दुसऱ्या टोकालाही मला माणसे भेटतात. ती म्हणतात, हे सगळे थोतांड आहे, वाचायचे कशाला? त्यांना मी खलातील घोटाई, स्वांगशीत होण्याची वाट आणि मुशीतील तळहाताएवढी झोतभट्टी सांगते. रसायनशास्त्राचे आधुनिक शब्द नसताना येथल्या माणसांनी पदार्थ बदलतो कसा, हे हातांनी शिकून घेतले होते, चुकांची नोंद ठेवली होती आणि औषध तयार झाले की नाही हे ओळखण्याच्या खुणा ठरवल्या होत्या. हे न वाचता नाकारणे, हा आपल्याच आजोबांची वही न उघडता रद्दीत देण्याचा प्रकार झाला. वही उघडावी, वाचावी, जिथे चूक दिसेल तिथे समासात लिहावे.

म्हणून त्या आठवीतल्या मुलीला आज माझे उत्तर असे आहे. बाळ, गावात लोखंड आहे म्हणून रक्तात लोह येत नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते ४९ वयोगटातील शंभरपैकी ५७ स्त्रियांमध्ये पांडुता आढळली. लोखंडाच्या डोंगराजवळ राहणाऱ्या बायकाही त्यातून सुटलेल्या नाहीत. डोंगरातले लोखंड शरीराला उपयोगी पडेल अशा रूपात, योग्य मात्रेत आणि सुरक्षितपणे पोचवावे लागते. चरकाच्या काळी ते मडक्यात वर्षभर मुरवत, रसाचार्य ते पुटांत भाजत, आज ते कारखान्यात तपासून गोळीत भरतात. रूप बदलले, कष्ट तेच आहेत. गोळी निळी आहे म्हणून नव्हे, तर ती कोणीतरी तपासली आहे म्हणून आपण ती घेतो. तपासणी नसलेली पुडी कुणी दिली, मग ती कितीही जुन्या नावाने असो, तर प्रश्न विचारायचा. जसा तू मला विचारलास.

ती मुलगी आता पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. हीरक महोत्सवाच्या समारंभाला ती येणार असल्याचे कळले आहे. आपल्या शाळेतून साठ वर्षांत बाहेर पडलेली मुले कारखान्यात गेली, दवाखान्यात गेली, देशोदेशी गेली. त्यांच्यापैकी अनेकांनी घरच्या माणसाला कधी ना कधी औषधाची पुडी हातात घेऊन, काय करू, असे विचारताना पाहिले असेल. त्या वेळी पुडीचा कागद उलटून त्यावर काय छापले आहे ते वाचण्याची सवय त्यांना या शाळेत लागली असेल, तर त्या सवयीवर पुढची चाळीस वर्षे मुरायला आम्ही तयार आहोत.